आधी पाखडा, मग चाळा, मग निवडा!

बालमित्रांनो, नवी तूर घरात आली की आजी काय करते, आठवा बरं! आधी सुपात घेऊन पाखडते, फोलपट उडून जातं. मग चाळते, माती खाली पडते. शेवटी परातीत पसरून खडे निवडते. आपल्या कळंब भागात हे कुणाला सांगायला नको. गंमत अशी, की ईमेल पोचवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, अगदी हेच करतो. त्याचे खडे म्हणजे न मागता येणारी, फसवी पत्रं. त्यांना म्हणतात 'स्पॅम'.

हा केर आला कुठून?

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क या विक्रेत्याने संगणकाची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना पाठवली. तेच पहिलं स्पॅम मानतात. आई-बाबांना विचारा, पूर्वी 'हे पत्र इतक्या जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल' अशी पोस्टकार्डं यायची. पण प्रत्येक कार्डाला पैसे पडायचे. ईमेल मात्र लाखो लोकांना धाडलं तरी खर्च जवळजवळ नाहीच. मग केर वाढणार नाही तर काय!

पाखडणं

सर्व्हर पत्र उघडण्याआधी विचारतो, "कुठून आलास?" केर पाठवणाऱ्या संगणकांची काळी यादी असते. अशी एक यादी पॉल व्हिक्सी यांनी १९९७ च्या सुमारास चालवली. पत्रावरचं नाव खरं आहे का, हेही एका न दिसणाऱ्या मोहरेवरून तपासतात. आणखी एक युक्ती म्हणजे अनोळखी पाहुण्याला "थोड्या वेळाने या" म्हणायचं. खरा सर्व्हर पुन्हा येतो. केर पाठवणाऱ्याला घाई असते, तो बहुतेक वेळा फिरकतच नाही.

चाळणं

आता मजकूर. 'लॉटरी' शब्द दिसला की अडवा, असा नियम केला. फसवणारे हुशार! ते 'लॉ-ट-री' लिहू लागले. आणि बाईंनी 'लॉटरीला भुलू नका' असा धडा पाठवला, तर तोच अडकला! भोकं मोठी केली, तर मातीबरोबर दाणेही गळतात ना, तसंच.

निवडणं

म्हणून सर्व्हरला शिकवायचं ठरलं. समजा, १०० वाईट पत्रांपैकी ६० मध्ये 'बक्षीस' आहे आणि १०० चांगल्यांपैकी फक्त ३ मध्ये. तर 'बक्षीस' असलेल्या ६३ पत्रांतली ६० वाईट, म्हणजे सुमारे ९५ टक्के. असं प्रत्येक शब्दाचं गणित मांडून सगळ्यांचा मिळून निकाल लावायचा. हे गणित थॉमस बेज यांच्या १७६३ साली छापल्या गेलेल्या निबंधातून आलं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांच्या लेखानंतर ते स्पॅमसाठी खूप वापरात आलं. तुम्ही 'हे स्पॅम आहे' किंवा 'नाही' असं बटण दाबता, तेव्हा तुम्हीच सर्व्हरचे गुरुजी होता, बरं का!

दाणा फेकला तर?

एक खडा ताटात आला, तर तो बाजूला काढता येतो. पण शिष्यवृत्तीचं किंवा प्रवेशाचं खरं पत्र केरात गेलं आणि तारीख टळली, तर वर्ष वाया! म्हणून चांगला सर्व्हर शंका आली तरी पत्र लगेच फेकत नाही, 'स्पॅम'च्या कप्प्यात ठेवतो. जीमेलमध्ये ते तिथे ३० दिवस राहतं, मग पुसलं जातं.

एवढं करा

दर रविवारी आई-बाबांबरोबर तो कप्पा उघडा. ओळखीचं पत्र दिसलं, तर 'स्पॅम नाही' दाबा. अनोळखी पत्रातल्या लिंकला हात लावू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका, समोरचा स्वतःला साहेब म्हणवत असला तरी. पैसे गेलेच, तर लपवू नका, घरच्यांना सांगून लगेच १९३० वर फोन लावा.

चाळणी कितीही चांगली असो, शेवटची नजर आपलीच हवी. आजी उगाच चष्मा लावून बसत नाही!