हट्टी नट

यंत्राचे निरनिराळे भाग एकत्र धरून ठेवण्याचे काम नट आणि बोल्ट मुकाट्याने करीत असतात. ते काम चोख चालले आहे, तोपर्यंत त्यांची कोणाला आठवणही होत नाही. परंतु एखादा नट हट्टाला पेटला, म्हणजे तो भल्याभल्यांना घाम फोडतो. मला असाच एकदा अनुभव आला.

माझ्या मोटारसायकलीची साखळी सैल झाली होती. ती ताणावयाची, तर मागच्या चाकाच्या आसावरील मोठा नट आधी ढिला करावा लागतो. एका रविवारी सकाळी मी गाडी अंगणात मधल्या स्टँडवर उभी केली आणि नटाला पाना लावला. एका हाताने जोर केला, दोन्ही हातांनी केला. पण नट तिळमात्र हलला नाही. शेवटी पानाच नटाच्या कोपऱ्यांवरून सटकला आणि माझी बोटे सोलवटली. गंमत अशी, की तो नट इतका आवळणारा दुसरा कोणी नसून मीच होतो! चाक निसटेल या भीतीने काही महिन्यांपूर्वी मी पान्यावर पाय देऊन तो घट्ट केला होता.

नट असा रुतून का बसतो? बोल्टावरील आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली एक उतरणच होय. नट फिरवला, की तो या उतरणीवरून पुढे सरकतो आणि मधल्या भागांना दाबतो. त्याच वेळी बोल्ट स्वतः किंचित ताणला जातो. कारण पोलाद कितीही ताठ दिसले, तरी स्प्रिंगप्रमाणे थोडे लवचीक असते. ताणलेला बोल्ट पूर्ववत होऊ पाहतो आणि त्या ओढीने नट व आटे एकमेकांवर दाबून राहतात. या दाबातून घर्षण उत्पन्न होते, आणि तेच नटाला जागच्या जागी धरून ठेवते. नट आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश जोर घर्षणावर मात करण्यातच खर्च होतो. त्यात पावसाचे पाणी आट्यांत शिरले, तर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील बारीक फट बुजून जाते.

म्हणजे माझे भांडण नटाशी नव्हतेच. ते घर्षणाशी आणि गंजाशी होते. हे ध्यानात येताच मी पाना खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

प्रथम तारेच्या ब्रशाने नटाभोवतीची माती काढली. नंतर गंज सोडवणारे पातळ तेल आट्यांवर टाकले. ब्रेकवर व टायरवर मात्र त्याचा थेंबही पडू दिला नाही. समईची वात जसे तेल वर ओढून घेते, तसेच आट्यांमधील अरुंद फटी हे तेल आत ओढून घेतात. दाट तेलाला तेथे सहज शिरकाव मिळत नाही. तेल मुरण्यास अर्धा तास दिला आणि मधूनमधून नटावर हातोडीने हलके ठोके दिले. अशा ठोक्यांनी गंजाची पकड खिळखिळी होते व तेलाला वाट मिळते.

मग उघड्या तोंडाचा पाना बाजूला ठेवून, नटाच्या सहाही बाजूंना बिलगणारा नेमक्या मापाचा रिंगपाना घेतला. माप चुकले, तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि गोल नट काढणे महाकठीण. पाना लांब दांड्याचा होता. वीस किलो वजनाइतका जोर वीस सेंटिमीटर अंतरावर लावण्याऐवजी साठ सेंटिमीटर अंतरावर लावला, तर त्याचा परिणाम तिप्पट होतो. आसाचे दुसरे टोक दुसऱ्या पान्याने धरले, गाडी कलंडणार नाही याची खात्री केली आणि दांडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश ओढला. ‘कट्’ असा आवाज झाला. क्षणभर वाटले, काहीतरी मोडले. पण नट सुटला होता!

साखळी ताणून झाल्यावर नट पुन्हा बसवण्याची वेळ आली. आता मी पाय उचलला नाही. कोणता नट किती जोराने आवळावा, याचा आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, आणि तो जोर मोजणारा टॉर्क रेंच नावाचा पानाही मिळतो. शेजाऱ्यांकडून तो मागून आणला आणि नट तेवढाच घट्ट केला. बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला गेला, तर तो पूर्ववत होत नाही. त्याची ओढ कमी होऊ शकते आणि कधी तो तुटतोही. ज्या भीतीने मी नट अतोनात आवळला होता, तीच आपत्ती त्या आवळण्याने ओढवू शकली असती.

शिवाय, रात्रीच्या वेळी घाटात चाक पंक्चर झाले असते, तर तो नट तेथे कोणी सोडवला असता? नट घट्ट करणाऱ्याने आपल्यामागून तो सोडवणाऱ्याचाही विचार करावा. तो कदाचित आपणच असू. ‘अति तेथे माती’ ही म्हण लहानपणी मी पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र सोललेल्या बोटांनी त्या रविवारी शिकवला.