जुन्या मोटारसायकलीचा समुद्रप्रवास



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला की बोनस, ग्रॅच्युइटी, नाहीतर संप, यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार अशी श्रोत्यांनी मनाची तयारी केलेली असते. मी मात्र आज एका जुन्या मोटारसायकलीविषयी बोलणार आहे. ही मोटारसायकल जपानात जन्मली, नाव तिने आफ्रिकेचे घेतले, आणि आज ती अमेरिकेतल्या एखाद्या हौशी माणसाला हवी आहे. ती आणण्यासाठी त्याला जे जे सोपस्कार करावे लागतात ते नीट पाहिले, तर कायदा, जकात, गोदी आणि कारखाना यांचे दाते एकमेकांत कसे अडकलेले असतात ते ध्यानात येते. हौस त्याची असली तरी हिशेब सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. १९७८ च्या डिसेंबरात तिएरी साबीन या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसहून निघून सहारा ओलांडून सेनेगालच्या डाकार शहरी पोहोचायची शर्यत सुरू केली. दगड, वाळू, उन्हाचा कहर आणि शेकडो मैलांत दुकान नाही. अशा वाटेवर टिकणारी मोटारसायकल ही निराळी जात असते. बूड जमिनीपासून उंच, चाकांना खड्डे सोसायला लांब पल्ल्याचे शॉक ॲब्सॉर्बर, आणि टाकी अशी की वीस लिटरांहून अधिक पेट्रोल राहावे. होंडा कंपनीने १९८६ पासून १९८९ पर्यंत ओळीने चार वर्षे या शर्यतीत मोटारसायकलींची बाजी मारली आणि त्या लौकिकावर १९८८ साली सामान्य गिऱ्हाइकासाठी ‘आफ्रिका ट्विन’ बाजारात आणली. पहिली ६४७ सीसीची होती. १९९० पासून ७४२ सीसीची आली आणि २००३ पर्यंत निघत राहिली. यामाहाची ‘सुपर टेनेरे’ आणि सुझुकीची एकाच सिलिंडरची थोराड ‘डीआर बिग’ या तिच्याच काळातल्या, तिच्याच तोलाच्या.

यांपैकी एकही तेव्हा अमेरिकेत अधिकृतपणे विकली गेली नाही. होंडाने १९८९ आणि १९९० अशी दोन वर्षे ‘ट्रान्सअल्प’ ही धाकटी बहीण तिकडे विकून पाहिली. गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही, आणि थोरलीला बोटीवर चढवण्याचा विचारच मागे पडला. ‘आफ्रिका ट्विन’ हे नाव अमेरिकन दुकानात लागले ते २०१६ च्या मॉडेलपासून, आणि तेही सर्वस्वी नव्या, मोठ्या यंत्रावर. तेव्हा ज्याला जुनीच हवी त्याला ती जपानातून किंवा युरोपातून स्वतः आणण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे कायदा आडवा येतो. अमेरिकेत विकायच्या प्रत्येक वाहनाला दिवे, ब्रेक, आरसे, टायर, हँडलवरची बटणे यांचे सरकारी सुरक्षा-नियम पाळावे लागतात, आणि ते पाळले आहेत असे कारखानदाराने वाहनावरच लिहून द्यावे लागते. जपानी बाजारासाठी बांधलेल्या गाडीवर ते लेबल नसते. गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. लेबल नाही म्हणजे ती परकी. १९८० च्या दशकात युरोपातून असल्या मोटारी मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागल्या, कारण डॉलर चढा होता आणि तिकडे तीच मोटार पुष्कळ स्वस्त पडे. साहजिकच महागड्या जर्मन मोटारींच्या अधिकृत विक्रेत्यांच्या गल्ल्याला हात लागला. त्यांनी रान उठवले, आणि १९८८ साली काँग्रेसने कायदा करून ही वाट जवळजवळ बंद केली. कारण सुरक्षिततेचे दिले गेले; त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण सुरक्षितता आणि गल्ला एकाच पारड्यात पडले म्हणजे कायदा किती झपाट्याने होतो, हेही पाहण्यासारखे आहे.

या कायद्याने एक खिडकी मात्र ठेवली. वाहन पंचवीस वर्षांचे झाले की सुरक्षा-नियमांतून त्याची सुटका होते. धुराचा नियम दुसऱ्या खात्याचा आहे. तिथे एकवीस वर्षे पुरतात, अट एवढीच की इंजिन मूळच्या स्थितीत असावे. शेजारच्या कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षांची आहे. म्हणजे सोळा वर्षांची गाडी सरहद्दीच्या एका बाजूला बिनधास्त धावते, आणि दहा पावले पलीकडे ती बेकायदा ठरते. लोखंड तेच, रस्ताही बहुधा तोच.

पंचवीस वर्षे कुठून मोजायची, यातच पुष्कळांची फसगत होते. मॉडेलचे साल धरायचे नाही आणि पहिल्या नोंदणीचेही नाही; गाडी कारखान्यात तयार झाली तो महिना धरायचा. १९९९ च्या नोव्हेंबरात तयार झालेली मोटारसायकल २०२४ च्या नोव्हेंबरात मोकळी झाली. ती सप्टेंबरात बंदरात उतरली असती तर पकडली गेली असती. विकणारा सांगतो, ‘नव्याण्णवची आहे’, आणि घेणारा वर्षांची वजाबाकी करून पैसे पाठवतो. मग बंदरावर कागद तपासला जातो. महिना भरत नसेल तर गाडी परत पाठवा किंवा मोडीत काढा, आणि तोवर गोदामाचे भाडे दिवसागणिक चढत राहते. हप्त्याहप्त्याने पैसे साठवणाऱ्या माणसाची ही दोन-तीन वर्षांची बचत असते. म्हणून पहिली गोष्ट मागायची ती उत्पादनाच्या महिन्याचा पुरावा: चौकटीवरच्या पट्टीचे छायाचित्र, किंवा कंपनीचे पत्र. किमतीची घासाघीस त्यानंतर. परवानाधारक आयातदाराकडून नवी गाडी नियमांत बसवून घेण्याची दुसरी वाट आहे, पण तिच्यात गाडीच्या किमतीच्या दीडपट हमी सरकारकडे द्यावी लागते. एका मोटारसायकलीसाठी तो व्यवहार परवडत नाही.

जकातीची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, आणि मला स्वतःला तीच अधिक जवळची वाटते. अमेरिकेच्या जकातीच्या कोष्टकात मोटारसायकलींमध्ये ७०० सीसीवर एक रेघ आहे. रेघेच्या आत मूळ दर शून्य, बाहेर २.४ टक्के. म्हणजे पहिली ६४७ सीसीची आफ्रिका ट्विन रेघेच्या आत, आणि ७४२ सीसीची बाहेर. ही रेघ आली कुठून? १९८२ साली हार्ली-डेव्हिडसन कंपनी बुडण्याच्या बेतात होती. जपानी कंपन्यांनी न खपलेल्या मोटारसायकलींचे ढीग अमेरिकेत लावले होते, आणि इकडे हार्लीच्या कामगारांना घरी बसवले जात होते. कंपनीने सरकारकडे दाद मागितली. १ एप्रिल १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ७०० सीसीवरच्या परदेशी मोटारसायकलींवरची जकात ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली. पाच वर्षांत ती पायरीपायरीने उतरायची होती. उठता बसता खुल्या व्यापाराचे गुणगान करणाऱ्या पुढाऱ्याने हे केले, हे विसरू नये.

जपान्यांनी काय केले? त्यांनी ७५० सीसीच्या इंजिनाचा घेर कमी करून ते ७०० च्या किंचित आत आणून ठेवले. शिवाय होंडाचा ओहायोत आणि कावासाकीचा नेब्रास्कात कारखाना होताच. तिथे बनलेल्या गाडीला जकात कसली? तरीही हार्लीला उसंत मिळाली. तिने नवे इंजिन काढले, मालाचा दर्जा सुधारला, आणि १९८७ साली आपण होऊन कळवले की आता संरक्षण नको. जकातीचे समर्थक हे उदाहरण आजही देतात. माझे मत असे की जकातीने कारखाना वाचू शकतो, हे इथे दिसले. नाकारण्याचे कारण नाही. परंतु जकात मालावर बसते. कामावरून कमी केलेल्या माणसाला परत घ्या, असे ती कुणाला सांगत नाही. ते सांगायला दुसरे कोणीतरी लागते, आणि तो हिशेब जकातीच्या कोष्टकात सापडत नाही. असो. २०२५ पासून अमेरिकेने देशादेशांवर वाढीव कर लादले, आणि ते पुन्हा पुन्हा बदलत आले आहेत. त्यामुळे आज कागदावर मांडलेला आकडा गाडी पोहोचेपर्यंत टिकेल असे धरून चालू नये. जुना मूळ दर तेवढा गृहीत धरून जो निघाला, त्याचा अंदाज चुकलाच.

आता प्रत्यक्ष आणण्याचे काम. जपानात अडीचशे सीसीवरच्या मोटारसायकलीला ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. तिचा खर्च जुन्या गाडीच्या मालकाला नकोसा होतो, आणि चांगल्या स्थितीतल्या गाड्या लिलावात येतात. युरोपातल्या गाड्यांची तऱ्हा वेगळी: हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते आऱ्यांना आणि सायलेन्सरला खाते. विकत घेतल्यावर जपानातली नोंदणी निर्यातीसाठी रद्द करून त्याचा दाखला घ्यायचा. हा दाखला हरवला तर पुढची सारी दारे बंद. मग पेट्रोल काढून टाकायचे, बॅटरीच्या तारा सोडवायच्या, आणि गाडी धुवायची. धुवायची म्हणजे खालच्या अंगाला मातीचा कणसुद्धा राहता कामा नये, कारण परक्या मातीतून कीड आणि रोग येतात म्हणून तिकडचे शेतकी खाते ती अडवते. जी गाडी चिखल तुडवण्यासाठीच बांधली, तिच्या बाबतीत हे काम सोपे नाही. बुडाचा पत्रा काढून ब्रशाने घासावे लागते. लाकडी खोक्यात भरायची तर त्या लाकडालाही कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. गाडी निर्दोष, पण फळीवर शिक्का नाही म्हणून माल परत, असे घडू शकते.

जहाजावर माल चढण्यापूर्वी चोवीस तास आधी त्याची माहिती अमेरिकन कस्टमला द्यावी लागते. न दिल्यास दंड पाच हजार डॉलरांपर्यंत, म्हणजे पुष्कळदा गाडीच्या किमतीइतकाच. समुद्राचे भाडे त्या मानाने थोडे असते, आणि त्याचे श्रेय कंटेनरला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ हे जहाज अठ्ठावन्न पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि जगभरच्या गोद्यांचे रूप पालटले. पूर्वी खोके पाठीवरून, जाळ्यातून उतरत असे. आता कुणाचीतरी एकच मोटारसायकल दहाजणांच्या सामानाबरोबर एका पेटीत स्वस्तात जाते. हमालांच्या टोळ्या गेल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी हॅरी ब्रिजेस यांच्या पुढारीपणाखाली १९६० मध्ये यंत्रे येऊ देण्याचा करार केला, पण त्याबदली पेन्शन आणि नोकरीच्या हमीसाठी मालकांकडून पैसे घेतले. तो करार पुरेसा होता की नाही यावर तिकडे अजून वाद आहे. मात्र ज्या गोद्यांत तेवढेही झाले नाही, तिथल्या कामगारांच्या हाती काय लागले ते मुंबईत राहिलेल्यांना सांगायला नको.

बंदरावर दोन कागद महत्त्वाचे. सुरक्षा खात्याचा ‘एचएस-७’, ज्यात गाडी पंचवीस वर्षांपलीकडची आहे असे लिहून द्यायचे. आणि पर्यावरण खात्याचा ‘३५२०-१’. दलाल हे भरून देतो, पण सही आपली असते आणि जबाबदारीही आपली. कस्टमने शिक्का मारलेला प्रवेशाचा कागद जपून ठेवायचा, कारण पुढे राज्याच्या नोंदणी कचेरीत तोच लागतो. तिथे निराळाच घोटाळा उभा राहतो. अमेरिकेत १९८१ पासून प्रत्येक वाहनाचा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. जपानी बाजारातल्या गाडीच्या चौकटीवर त्याहून आखूड क्रमांक असतो. संगणक तो घेत नाही. समोरच्या कारकुनाने अशी गाडी जन्मात पाहिलेली नसते. भांडून उपयोग नाही. नियमाची प्रत बरोबर न्यावी आणि वरच्या अधिकाऱ्याला शांतपणे भेटावे. कॅलिफोर्नियाचा धुराचा कायदा तर स्वतंत्रच आहे. देशात कायदेशीर आलेली गाडी तिथे नोंदणीला अडू शकते.

एवढे करून गाडी दारात आली की तिचे वय बोलू लागते. आफ्रिका ट्विनचा पेट्रोल पंप आणि विजेचा रेग्युलेटर ही तिची जुनी, जाणकारांना ठाऊक असलेली दुखणी. कार्बोरेटरची रबरे कडक झालेली असतात. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. नक्षी कितीही शाबूत दिसो, दहा वर्षांच्या टायरवर बसू नये. सुटे भाग मिळतात, पण जवळच्या दुकानात नव्हे. ते पुन्हा जपानातून नाहीतर युरोपातून मागवायचे.

आपल्याकडे ही गाडी आणता येईल का, असे कुणी विचारील. भारताचा नियम अमेरिकेच्या नेमका उलट आहे. तिकडे पंचवीस वर्षांहून जुनी चालते. इकडे वापरलेले वाहन उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुने असता कामा नये, ते मुंबईच्या बंदरातूनच यावे, आणि पुढे पाच वर्षे ते रस्त्यावर चालण्याजोगे राहील याची खात्री द्यावी, अशा अटी आहेत. (स्टिअरिंग उजवीकडे हवे, ही अट दुचाकीला लागू नाही असेही त्या नियमात आवर्जून लिहिले आहे.) संग्रहात ठेवण्याजोग्या फार प्राचीन वाहनांची गोष्ट वेगळी, आफ्रिका ट्विन त्यांत बसत नाही. परदेशाचे भंगार आपल्या रस्त्यांवर ओतले जाऊ नये, आणि पुणे, चाकण, वाळूजच्या कारखान्यांत बनणाऱ्या गाडीला ओहोटी लागू नये, हे दोन्ही हेतू त्यात दिसतात, आणि मला ते रास्त वाटतात.

तरीसुद्धा कोकणातल्या रस्त्यावर परदेशी पाटीची, अंगावर पेट्या बांधलेली अशी एखादी जुनी मोटारसायकल कधीतरी दृष्टीस पडते. ती आयात झालेली नसते. तिच्या मालकाजवळ ‘कार्ने’ नावाचे पुस्तक असते: गाडी परत नेली नाही तर जकात आम्ही भरू, अशी त्याच्या देशातल्या मोटार-संस्थेची हमी. आत येताना त्यातल्या पानावर शिक्का बसतो, आणि सहा महिन्यांच्या आत, मुदतवाढ मिळाली नाही तर, बाहेर जाताना दुसरा बसावा लागतो.