एकादशी, साबुदाणा आणि देहाचे इंधन

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच समाजाने आपल्याला मारलेली कोपरखळी आहे. आजकाल तिचा प्रत्यय नव्या रीतीने येतो. मधुमेहामुळे किंवा स्थूलतेमुळे कित्येक घरांत भात, पोळी, साखर वर्ज्य करून ‘कीटो’ आहार चालतो. महिनाभर तो निष्ठेने पाळणारे गृहस्थ एकादशीस मात्र साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस पोटभर खातात, व द्वादशीस कीर्तनानंतर आम्हांस विचारतात, ‘‘बुवा, मोडलेली घडी पुन्हा कशी बसवावी?’’

प्रश्न देहाचा असला तरी त्याचे उत्तर व्रताच्या मूळ रचनेत आहे. पिष्ट आणि साखर मिळते तोवर देह प्रामुख्याने त्यांवरच चालतो. त्यांतील काही अंश यकृतात साठतो. अन्न थांबले की सुमारे एका अहोरात्रात हा साठा बहुतांशी सरतो. मग यकृत चरबीपासून ‘कीटोन’ निर्माण करते आणि मेंदूही त्यांचा उपयोग करू लागतो. हीच कीटोसिस. उपवासातील ही अवस्था आहारानेच साधावी, या हेतूने अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी असा आहार सुचविला. त्यात कर्बोदके साधारणतः दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवतात. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातच ती 85 ग्रॅमच्या आसपास असतात!

गंमत अशी की, साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. प्राचीन स्मृतिकारांना ते ठाऊकही नव्हते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790 च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’सारख्या ग्रंथांतून एकादशीचा विधी सविस्तर आला आहे. दशमीस एकभुक्त, एकादशीस निराहार, द्वादशीस पारणे आणि पुन्हा एकभुक्त, असा तो क्रम. दशमीच्या दुपारपासून द्वादशीच्या सकाळपर्यंत चाळीस तासांहून अधिक काळ जठराग्नीला विश्रांती मिळते.

म्हणून ज्यांची घडी मोडली, त्यांनी खंत करीत बसू नये. पारणे मिताहारी करावे, गोडधोड टाळावे, भाजी, ताक, पनीर, मूठभर शेंगदाणे यांवर राहावे, पाणी भरपूर प्यावे, रोज चालावे. बहुतेकांचा देह थोड्याच दिवसांत पुन्हा त्या मार्गाला लागतो. पुढची एकादशी पंधरवड्यावर असतेच. तेव्हा ज्यांना झेपेल त्यांनी खिचडीचे ताट दूर ठेवावे.

मात्र इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि वृद्धांनी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून निराहार करू नये. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर हीच अवस्था प्राणावर बेतू शकते. शास्त्रही निष्ठुर नाही. पाणी, कंद, फळ, दूध, तूप आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे ते स्पष्ट सांगते. अशक्तांनी ही सवलत निःसंकोच घ्यावी. सशक्तांनी तिची मेजवानी करू नये.

‘उपवास’ म्हणजे जवळ वास करणे. वजनकाट्यावर जे उतरेल ते उतरो. आज आषाढीला स्वयंपाकघरात वाचलेला वेळ विठ्ठलाच्या नामात गेला, तर व्रत पूर्ण झाले असे आम्ही समजतो.