अंगणातली फुलझाडे : आधी जागा पाहा, मग फूल



ऊस, खत आणि पाणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज थोडे अंगणाविषयी. घरापुढे चार हात जागा असली की आपण बाजारातून नाहीतर पाहुण्यांकडून फुलझाड आणतो, खड्डा करतो आणि लावून मोकळे होतो. पुढे झाड सुकले की म्हणतो, "आपल्या हाताला गुण नाही." बहुतेक वेळा हाताचा काही दोष नसतो. झाड चुकीच्या जागी लावलेले असते.

हे मला हमरापूरला कळले. पेण तालुक्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या जोहे, कळवे या गावांतही घरोघर हेच काम चालते. आमच्या मंडळाची मूर्ती सांगायला मी तिथे गेलो होतो. मूर्तिकारांच्या अंगणात अनंताची झाडे पाहिली. पाने काळीभोर, फुले टपोरी. घरातल्या आजींनी दोन रोपे दिली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे काळी माती ना? मग जपा हो याला." मी हसून मान डोलावली. घरी आणून दाराशी लावले, शेणखत घातले, रोज पाणी दिले. दोन महिन्यांत कोवळी पाने पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. मी आणखी पाणी वाढवले. एक रोप गेले.

असे का होते?

ही पिवळी पाने तुम्ही पाहिलेली आहेत. चुनखडीच्या जमिनीत खोडव्यावर केवडा पडतो, तोच हा प्रकार. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. पाणी साचले की त्रास वाढतो. पेणकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उंचावरच्या मातीतला चुना त्याने धुऊन जातो. अनंत आणि एक्झोरा यांना अशीच किंचित आम्ल माती मानवते. आपल्या ऊसपट्ट्यात बऱ्याच ठिकाणी पाऊस ५००-६०० मिलिमीटरच, म्हणून चुना जागेवरच राहतो.

उरलेले रोप मी मोठ्या कुंडीत, तांबडी माती आणि कुजलेला पालापाचोळा घालून लावले. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून दर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी पानांवर तीन वेळा फवारले. नवी पाने हिरवी आली. अनंत हवाच असेल तर काळ्या मातीवाल्यांनी तो कुंडीतच लावावा.

कोणत्या जागी काय?

*निचऱ्याची, उन्हाची जागा :* जास्वंद, तगर, मोगरा, अबोली. गणपतीला लागणारी तांबडी जास्वंद हमरापूरच्या पावसातही टिकते, कारण तिथे ती उंचवट्यावर लावतात. आपणही वीतभर उंच वरंबा करून लावावी.

*मोरीचे पाणी जाते ती जागा :* कर्दळ आणि सोनटक्का. दोघांचेही कंद ओलीत सुखाने वाढतात. सोनटक्क्याला थोडी सावली चालते. इथे जास्वंद किंवा पारिजातक लावू नये, मुळे कुजतात.

*खारवट जागा :* हमरापूरच्या खालच्या अंगाला खाडीमुळे जमीन खारी होते, आपल्याकडे पाटाच्या जादा पाण्याने. कारण वेगळे, झाडाला त्रास तोच. अशा जागी बोगनवेल बरी. तिला पाणी कमी दिले की रंग जास्त येतो.

*कोरडा कोपरा :* गुलबक्षी. वरचा भाग वाळला तरी जमिनीतल्या मुळातून पावसाळ्यात पुन्हा फुटते.

गुरे आणि लेकरे

आता सर्वांत महत्त्वाचे. कण्हेर खारीत, दुष्काळात कुठेही जगते, म्हणून सोय म्हणून लावली जाते. पण तिचे पान, फांदी, फूल सगळेच विषारी आहे. थोडी पाने पोटात गेली तरी हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावू शकते. पाने वाळली तरी विष जात नाही. हिरव्या कडू पानाला जनावर सहसा तोंड लावत नाही, पण छाटलेली फांदी चाऱ्यात मिसळली की घात होतो. गळीत हंगामात ऊस वाहणारे बैल रस्त्याकडेला मिळेल तिथे बांधले जातात, तेव्हा तर जास्तच जपायला हवे. कण्हेर गोठ्याजवळ, गव्हाणीजवळ, बैल बांधायच्या जागी लावू नये. छाटणी उकिरड्यावर न टाकता खोल पुरावी, चुलीत जाळू नये. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया मुले खेळायला घेतात, त्या तर प्राणघातक आहेत. जनावराने किंवा मुलाने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत न बसता डॉक्टर गाठावा.

घाणेरीही तशीच. शोभेचे झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस ती आपल्या देशात आणली गेली. आज रानोमाळ पसरली आहे आणि गुरांना बाधते. फुले गोजिरी दिसतात म्हणून कुंपणाला लावू नये.

लागवड आणि निगा

लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला करावी. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. जास्वंद, तगर पेन्सिलीएवढ्या जाड, सहा-आठ इंची फांदीपासून येतात. मोगऱ्याला दाब कलम करावे. शेणखत किंवा मळीचे खत पूर्ण कुजलेलेच घालावे, ताजी मळी तापते आणि मूळ जळते.

आपल्याकडे एक गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे पाचट. ते जाळण्यापेक्षा झाडाभोवती चार बोटे जाड पसरा, खोडापासून मात्र वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडून छाटणी करावी, मग खत-पाणी दिले की उन्हाळ्यात नव्या फुटीवर फुले येतात. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी कापून काढावी आणि लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल, थोडे साबणाचे पाणी घालून फवारावे.

तेव्हा रोप आणण्याआधी तीन प्रश्न विचारा : माती कशी आहे? पाणी कुठे साचते? आणि या अंगणात कोण बांधले जाते, कोण खेळते? फुलाचा रंग त्यानंतर. हमरापूरच्या आजींनी मला एका वाक्यात हेच सांगितले होते. मी एक रोप घालवून शिकलो, तुम्हाला तेवढीही किंमत पडू नये.