पाँपेईच्या लक्ष्मीचं माहेर

जर्मनीत ड्रेस्डेनला सॅक्सनीच्या राजांचा जुना खजिना आहे. त्यात हस्तिदंताचे कोरीव पेले आहेत, झाकणाचे चषक आहेत आणि एक अख्खं शिडांचं जहाजही आहे. ते १६२० मध्ये याकोब त्सेलर या कारागिराने घडवलं. त्यावर सॅक्सनीच्या राजांची नावं कोरलेली आहेत. घडवणारा आणि मालक, दोघांचीही नावं टिकली.

आपल्या मराठवाड्याशी नातं सांगणाऱ्या एका हस्तिदंती मूर्तीच्या नशिबी मात्र हे नव्हतं. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. डोक्यात वरून भोक असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असं मानतात. तरी तिचं नाव पडलं 'पाँपेईची लक्ष्मी'. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

पुढे जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात तिच्यासारखीच एक भग्न मूर्ती निघाली. गोरोबाकाकांच्या तेरलाही हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर असल्याने काही अभ्यासक वायव्य भारताकडे बोट दाखवतात, पण भोकरदन-तेरशी असलेलं साम्य डोळ्यांत भरणारं आहे. शिवाय वाटही होती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणजे तेर आणि पैठण इथला माल गाड्यांतून भडोचला येत असल्याची नोंद आहे. भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात हस्तिदंतही होता. ती गलबतं मोसमी वाऱ्यांवर हाच अरबी समुद्र ओलांडत, जो आपण मुंबईहून तीन तासांत ओलांडतो.

शाळेत शिकवत असताना हा व्यापार माझ्यासाठी नकाशावरच्या बाणांपुरता होता. इथे सिलिकॉन ओएसिसमध्ये मुलांना कुणी "तू कुठला?" विचारलं की "दुबई" असं उत्तर ऐकू येतं, तेव्हा मला ती लक्ष्मी आठवते. जिथे सापडली, त्या गावाचंच नाव तिला चिकटलं. तिच्या माहेराचा माग लागला, तो मागे राहिलेल्या बहिणींमुळे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जपल्या. त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आज तिथे उभं आहे. जाणाऱ्यांची ओळख अशी राहणाऱ्यांनी सांभाळलेली असते.

म्हणून या सुट्टीत गावी गेलात की मुलांना एक काम द्या. आजीच्या घरातल्या पाच जुन्या वस्तूंचे फोटो काढायचे आणि वहीत लिहायचं: वस्तूचं नाव काय, कुणी घडवली, घरात कशी आली. त्यात हस्तिदंताची एखादी डबी निघाली, तर ती तिथेच राहू द्या. वन्यजीव कायद्यांमुळे ती सामानात टाकून आणता येत नाही. वही मात्र आठवणीने आणा.