बंदुकीच्या छऱ्यांचा वेग कसा मोजतात?

अकोला जिल्ह्यांत नरनाळ्याच्या किल्ल्यावर नऊगजी तोफ आहे. ती पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो : हिचा गोळा किती दूर जात असे? तो किती वेगानें जात असे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक आघाताचें सामर्थ्य मुख्यतः वेगावर अवलंबून असतें. वेग दुप्पट झाला कीं तें चौपट होतें. परंतु जी वस्तु डोळ्यांस दिसतहि नाहीं तिचा वेग मोजावयाचा कसा?

ही युक्ति बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें व्यवहारांत आणली व १७४२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. आपल्या वऱ्हाडी घरांतली बंगई डोळ्यांपुढें आणा. एखादें मूल धांवत येऊन तिच्यावर उडी टाकतें तेव्हां ती झोका घेते. मूल जितकें जड व त्याची धांव जितकी जोराची, तितका झोका मोठा. रॉबिन्सनें लाकडी तोंडाचा एक जड लंबक टांगला व त्यांत गोळी झाडली. गोळी आंत रुतून बसली आणि लंबक मागें झुलला. त्याला लाविलेली फीत किती ओढली गेली यावरून झोका मोजला, कीं बाकीचें काम गणिताचें.

शाळेंतल्या फळ्यावर मांडावें तसें उदाहरण घेऊं. गोळी एक औंसाची, ठोकळा पन्नास पौंडांचा, म्हणजे ८०० औंसांचा. गोळीचा वेग सेकंदास १६०० फूट असेल, तर दोघांचा मिळून वेग सुमारें दोन फूट होईल, आणि ठोकळा पाऊण इंच वर चढेल. पाऊण इंच तर कोणालाहि मोजतां येतो! जो वेग आपल्या इंद्रियांस अगोचर, तो असा फूटपट्टीच्या आटोक्यांत आला. हवेचा अडथळा क्षुल्लक असतो अशी पूर्वींची समजूत होती. तीहि या प्रयोगांनीं खोटी ठरविली. पुढें हाच रॉबिन्स कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं मद्रासकडील सेंट डेव्हिड किल्ल्यावर वारला. चार्लस हटननें त्याच्या मागून मोठे लंबक करून तोफेच्या गोळ्यांचाहि वेग काढला. डिसेंबर १८०३ मध्यें अमरावतीकडील गाविलगडच्या तटास इंग्रजी तोफांनीं खिंडार पाडलें, तेव्हां तोफेच्या वेगाचें हें शास्त्र साठ वर्षांचें जुनें झालें होतें.

एका गोळीची गोष्ट येथवर सोपी आहे. छऱ्यांच्या काडतुसांत मात्र बारीक छर्रे दोनशेंच्या वर असूं शकतात. ते एका वेळीं निघतात खरे, पण वाटेंत फांकतात व मागेंपुढें होऊन त्यांची लांबट रांग बनते. लंबक दूर ठेवावा तर कित्येक छर्रे चुकतात. जवळ ठेवावा तर दारूचा वायु आणि छऱ्यांमागची नमद्याची चकतीहि त्यावर आदळून हिशेब फुगवितात. म्हणून विजेचा उपयोग करावा लागला. नळीच्या तोंडाशीं एक तार व वीस यार्डांवर लोखंडी पत्रा ठेवून, तार तुटल्यापासून पत्र्यावर आघात होईपर्यंतचा वेळ मोजीत. साधारण काडतुसास हा वेळ सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग येतो. बेल्जियन अधिकारी ल बूलांजे याच्या यंत्रांत तर घड्याळच नसे. विद्युच्चुंबकानें धरलेला दांडा सुटून खालीं पडे, आणि तो किती पडला यावरून काळ समजे. आजच्या यंत्रांत दोन प्रकाशनेत्रांवरून छर्रे जातांना पडणारी सांवली टिपतात. तेथेंहि एखादे वेळीं पुढच्या छऱ्याऐवजीं भलतेंच कांहीं टिपलें जातें. म्हणून एका बारावर विसंबतां येत नाहीं. निदान पांच-दहा बार काढून सरासरी घ्यावी, आणि सरासरीहून अधिक लक्ष त्यांच्यांतील तफावतीकडे द्यावें.

तफावत येते ती भरणाराच्या हातामुळें. पूर्वींचे शिकारी पितळी काडतुसें घरीं भरीत. दारू मापानें घेत, चकती अंदाजानें दाबीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून जुनी शिकार संपली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें भरणें हा गुन्हाच आहे. तरीहि ‘चिमूटभर दारू जास्त घातली कीं बार जोराचा’ ही समजूत कांहीं मेली नाहीं. आवाज व धक्का मोठा झाला म्हणजे वेगहि त्याच मानानें वाढला, असें मुळींच नाहीं. काळ्या दारूच्या मापानें बिनधुराची दारू घातली तर नळी फुटून हाताचीं बोटें जातात. शिवाय अकोल्याच्या मे महिन्याच्या उन्हांत तापलेल्या काडतुसांत बिनधुराच्या दारूचा दाब साधारणपणें अधिक चढतो. तेंच काडतूस चिखलदऱ्याच्या थंडींत सौम्य वागेल.

आणि येथें वेगमापकाचीहि मर्यादा संपते. दोन काडतुसांचा वेग अगदीं सारखा आला तरी एकाचा नळींतील दाब दुसऱ्याहून पुष्कळच अधिक असूं शकतो, कारण एक दारू क्षणांत भडकते व दुसरी सावकाश जळत छऱ्यांना ढकलीत नेते. दाब पाहण्याकरितां प्रयोगाच्या बंदुकीच्या नळीस भोंक पाडून त्यांत दट्ट्या बसवितात व त्यापुढें तांब्याचा लहानसा तुकडा ठेवितात. बार झाल्यावर तो तुकडा किती चेपला तें मोजावयाचें. घरच्या बंदुकीला असा तुकडा नसतो; तेथें चेपावयास असते ती नळीच.