जन्मतारखेवर उभा असलेला संघ

१ जानेवारी २००५. भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघात २०२२ साली कोण खेळणार, हे आधी या तारखेनं ठरवलं आणि मग प्रशिक्षकांनी. आदल्या दिवशी जन्मलेली मुलगी कितीही चपळ असली तरी तिला दार बंद. वरिष्ठ संघात एखादी खेळाडू दहा-बारा वर्षं टिकते, पडते, सावरते, पुन्हा येते. इथे दोन वर्षांत जवळजवळ सगळे चेहरे बदलतात आणि मागे उरतो तो निळा शर्ट. म्हणून या संघाचा परिचय म्हणजे एकामागून एक आलेल्या तुकड्यांचा परिचय. प्रत्येक तुकडीला आपण काय दिलं, याचा हिशेबही त्यात येतो.

एका तुकडीला तर काहीच मिळालं नाही. या वयोगटाचा विश्वचषक नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात व्हायचा होता. २००३ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली त्यासाठी शिबिरात घाम गाळत होत्या. कोविड आला, स्पर्धा आधी २०२१ वर ढकलली गेली आणि मग रद्दच झाली. भारताला यजमानपद पुन्हा मिळालं ते २०२२ चं. तोवर त्यांतल्या बहुतेक मुली वयाच्या रेषेपलीकडे गेल्या होत्या. मोठ्यांची स्पर्धा पुढे ढकलली तर खेळाडू वाट पाहतात. सतरा वर्षांच्या मुलीला वाट पाहण्याची सोय नसते. या मुलींबद्दल फार कमी लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

२०२२ च्या तुकडीचे प्रशिक्षक होते स्वीडनचे थॉमस डेनर्बी. २०११ च्या विश्वचषकात स्वीडनच्या महिला संघाला त्यांनी तिसरं स्थान मिळवून दिलं होतं. कर्णधार अस्तम उराँव, झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातली. २१ जणींच्या चमूत झारखंडच्या सहा जणी होत्या, मणिपूरच्या मुलींचाही मोठा भरणा होता आणि आघाडीच्या फळीत पुण्याची काजोल डिसूझा होती. अस्तमची निवड झाली तेव्हा तिच्या घराकडे जाणारा रस्ता सरकारनं बांधायला घेतला. त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीनं काम करत होते, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. कर्णधारपदाची बातमी येईपर्यंत त्या वस्तीला धड रस्ता नव्हता. हा संघ कुठून येतो हे कळायला एवढा तपशील पुरे आहे.

तयारी शिबिरात झाली आणि परदेश दौऱ्यांवर. जूनमध्ये इटलीत यजमान संघानं सात गोलांनी हरवलं. त्यानंतर नॉर्वेचा दौरा. त्या दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून एका सहायक प्रशिक्षकाला परत पाठवण्यात आलं आणि पुढे काढून टाकण्यात आलं. विश्वचषक तीन महिन्यांवर असताना या वयाच्या मुलींवर हे ओझं पडलं. मग १५ ऑगस्टला फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, कारण महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप आहे असं फिफाचं म्हणणं होतं. स्पर्धा भारतात होणार की नाही हेच अधांतरी झालं. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता, त्याला न खेळता परतावं लागलं. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. पहिला सामना तेव्हा जेमतेम दीड महिन्यावर होता.

भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम. ११ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-८, १४ ला मोरोक्कोकडून ०-३, १७ ला ब्राझीलकडून ०-५. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. बहुतेक वाचकांच्या लक्षात एवढंच राहिलं असेल, पण मोरोक्कोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला गोलफलक कोरा होता. आदल्या सामन्यात आठ गोल खाल्लेल्या मुलींनी पंचेचाळीस मिनिटं बचाव फुटू दिला नाही. तिन्ही गोल उत्तरार्धातले.

आपण कमी पडलो ते पहिलीच वेळ होती म्हणून, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. मोरोक्कोची ती पहिलीच वेळ होती, टांझानियाचीही. टांझानियाला पहिल्या सामन्यात जपाननं चार गोलांनी हरवलं. त्यानंतर त्याच मुलींनी फ्रान्सला २-१ नं नमवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. ती फेरी या मुली कोलंबियाविरुद्ध मडगावात, फातोर्ड्याच्या मैदानावर खेळल्या. फरक असा की टांझानिया आणि मोरोक्को आफ्रिकेची पात्रता फेरी झगडून आले होते, म्हणजे हरलो तर घरी, अशा सामन्यांतून गेले होते. आपण यजमान म्हणून थेट आत आलो. दौऱ्यावरचा सराव सामना कितीही कठीण असला तरी तो हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव असतो. ज्या हरण्यानं सगळं संपतं त्याची सवय पात्रता फेरीतच लागते.

बाकीचा विश्वचषक आपल्या दाराशीच झाला. आपल्याला आठ गोलांनी हरवणारी अमेरिका उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये बाद झाली, तीही नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. ब्राझीलला तिथेच जर्मनीनं २-० नं घरी पाठवलं. दोन्ही उपांत्य सामने फातोर्ड्याला झाले आणि ३० ऑक्टोबरला नेरूळला स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवून चषक नेला. निर्णायक गोल ८२ व्या मिनिटाचा, कोलंबियाच्या बचावपटूकडून झालेला स्वयंगोल. कोलंबियाची लिंडा कैसेदो त्या सामन्यात खेळली. नऊ महिन्यांनी ती मोठ्यांच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल करत होती. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली स्पेनची विकी लोपेझही आज मोठ्या फुटबॉलमध्ये आहे. त्या देशांत हा वयोगट पुढच्या जिन्याची पहिली पायरी असतो. आपल्याकडच्या २१ जणींसाठी स्पर्धा संपल्यावर पुढची पायरी कोणती, हे कुणीच नीट सांगितलं नाही.

आपल्याकडे महिला फुटबॉल नवा आहे, हा समजही काढून टाकायला हवा. महिलांच्या फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये झाली. १९८० मध्ये कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई स्पर्धांत भारतीय महिला उपविजेत्या होत्या. शांती मल्लिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. गोव्याच्या योलांडा डिसूझा यांच्यासारख्या खेळाडू त्याच काळातल्या. घसरण नंतरची आहे. इतर देश मुलींसाठी लीग उभ्या करत राहिले आणि आपण शिबिरं भरवत राहिलो.

म्हणूनच २०२५ हे वर्ष मला इतकं मोलाचं वाटतं. जुलैमध्ये वरिष्ठ संघानं थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ नं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. ऑगस्टमध्ये यांगूनला २० वर्षांखालील संघानं इंडोनेशियाशी बरोबरी केली, तुर्कमेनिस्तानवर सात गोल केले आणि शेवटी यजमान म्यानमारला १-० नं हरवलं. या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेत भारत तब्बल वीस वर्षांनी पोहोचला. ऑक्टोबरमध्ये वेळ आली १७ वर्षांखालील मुलींची. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक, प्रशिक्षक पुन्हा एक स्वीडिश, योआकिम अलेक्झांडरसन. पहिल्या सामन्यात किर्गिझस्तानवर २-१ असा विजय. १७ तारखेला उझबेकिस्तानशी गाठ होती आणि बरोबरी पुरणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. मध्यंतराला भारत एका गोलानं मागे होता. राखीव खेळाडू म्हणून आलेल्या थंडामोनी बास्केनं उत्तरार्धात बरोबरी साधली आणि अनुष्का कुमारीनं दुसरा गोल केला. २-१. २००५ नंतर पहिल्यांदाच हा वयोगट आशियाई स्पर्धेत पोहोचला आणि या वेळी थेट प्रवेशानं नव्हे, मागे पडलेला सामना फिरवून पोहोचला. तो निकाल वाचताना मला भुवनेश्वरचं ते पंचेचाळीस मिनिटांचं शून्य-शून्य आठवलं.

१ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या या मुली २०२२ चा विश्वचषक झाला तेव्हा जास्तीत जास्त तेरा वर्षांच्या होत्या. विश्वचषकाचा खरा उपयोग झाला असेल तर तो पुढच्या तुकडीला.

महाराष्ट्राकडे बघताना मात्र मन खट्टू होतं. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने बघायला माणसं कामं टाकून जातात. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावात बाहेरच्या राज्यांतले संघ येऊन खेळतात. २०१७ च्या मुलांच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. एवढी आवड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या बारा वर्षांच्या मुलीनं ठरवलं, मला खेळायचंय, तर तिनं दर रविवारी कुणाविरुद्ध खेळायचं? त्याचं उत्तर मुंबई हे असू शकत नाही. बारा वर्षांची पोर त्यासाठी घर सोडून जाणार नाही आणि घरचे तिला पाठवणारही नाहीत.

कोल्हापूरच्या तालमींनी आपापल्या नावाचा मुलींचा १५ वर्षांखालचा संघ काढावा आणि मुलांच्या हंगामाबरोबर त्यांचे साखळी सामने शाहू स्टेडियमवरच लावावेत. मैदान आहे, प्रेक्षक आहेत, पेठांची ईर्षा आहे, पंचही आहेत. पुढच्या हंगामापासून हे होऊ शकतं.